जुन्या जनरेशनमध्ये हा सेट चालेल का? असं ताडून बघा

पोकेमॉनच्या लढाया ब्राउझरवर खेळायच्या शोडाउन या साइटवर जुनी जनरेशन, म्हणजे पोकेमॉन गेमची जुनी पिढी, खेळायला लागलेली मुलं हमखास एकाच ठिकाणी अडतात. टीम झकास जमलेली असते. 'व्हॅलिडेट' दाबलं की चौकट उघडते आणि सांगते, या पोकेमॉनला ही ॲबिलिटी (अंगचा गुण) आणि हा मूव्ह (डाव) एकत्र मिळू शकत नाही. ॲबिलिटी सुटी चालते, मूव्ह सुटा चालतो, दोन्ही मिळून नाही. कधी याच्या उलट होतं. एखाद्या जुन्या लेखात 'हे अजून रिलीज झालेलं नाही' असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि समोरचा खेळाडू नेमकं तेच घेऊन लॅडरवर, म्हणजे क्रमवारीच्या सामन्यांत, उतरलेला असतो.

मी सांगलीत विश्रामबागला एका करसल्लागारांच्या ऑफिसात काम करते. हळदीच्या आणि बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची रिटर्नं भरणं हे दिवसाचं काम, रात्री जेन फोर नाहीतर जेन सेव्हन, म्हणजे चौथी नाहीतर सातवी जनरेशन. रविवारी दुपारी सांगली, मिरज, कुपवाडची कॉलेजची पोरं आमच्याकडे खेळायला जमतात, त्यात माझा भाचाही असतो. खेळायच्या आधी टीम तपासायला माझ्यापुढे फोन धरतात आणि मी प्रत्येकाला तेच विचारते, "हा तू आणलास कुठनं?" हा प्रश्न नीट विचारता आला की जुन्या फॉरमॅटमध्ये काय चालतं ते कुणालाही स्वतःचं स्वतः ठरवता येतं.

सगळ्यात आधी एक समज डोक्यातून काढा. जुना फॉरमॅट म्हणजे गेम दुकानात आला त्या दिवशी गोठलेला फॉरमॅट नव्हे. एक जनरेशन साधारण तीन-चार वर्षं चालते. तेवढ्या काळात त्याच जनरेशनची दुसरी, तिसरी कार्ट्रिज येते, खास पोकेमॉन वाटले जातात, जुन्या गेममधून नव्यात पोकेमॉन नेणाऱ्या सेवेला अपडेट येतं, अलीकडे तर गेमलाच अपडेट येतं. यातलं प्रत्येक जण एखादं नवं दार उघडून जातं. आमच्या कामात ज्या वर्षाचं रिटर्न त्या वर्षाचा कायदा लागतो, पण तो वर्षाच्या पहिल्या तारखेचा कायदा नसतो, मधल्या सगळ्या दुरुस्त्या धरून असतो. जुन्या जनरेशनचंही तसंच आहे. आज तुम्ही 'जेन सेव्हन ओयू' (ओयू म्हणजे ओव्हरयूज्ड, त्या जनरेशनचा मुख्य फॉरमॅट) निवडता तेव्हा अल्ट्रा सन आणि अल्ट्रा मूनच्या शेवटापर्यंत जी जी दारं उघडली ती सगळी उघडी धरलेली असतात.

आणि दोन प्रश्न कधी एकमेकांत मिसळू नका. हा पोकेमॉन या मूव्हसकट खऱ्या गेममध्ये मिळू शकतो का, हा एक. खेळाडूंनी मिळून त्यावर बंदी घातली आहे का, हा दुसरा. जेन फाइव्हमध्ये पॉलिटोडला ड्रिझल (पाऊस पाडणारी ॲबिलिटी) मिळते आणि किंग्ड्राला स्विफ्ट स्विम (पावसात वेग वाढवणारी) मिळते, दोन्ही शंभर टक्के खऱ्या आहेत. तरी ओयूमध्ये दोन्ही एका टीमात ठेवता येत नाहीत, कारण स्मोगॉन या पोकेमॉन खेळाडूंच्या साइटवर २०११ मध्ये तसा नियम झाला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर गेम देतो आणि ते सहसा वाढत जातं. दुसऱ्याचं उत्तर माणसं देतात आणि ते दोन्ही बाजूंना हलतं, जनरेशन संपून कितीतरी वर्षं झाल्यावरही. हा लेख पहिल्या प्रश्नाचा आहे.

एकच जीव धरा

बहुतेकांची गफलत इथे होते. अलाकझॅमच्या पानावर मूव्हची यादी दिसते, ॲबिलिटींची यादी दिसते, दोन्हींतलं हवं ते उचललं की झालं असं वाटतं. पण यादी जातीची असते आणि लढायला उतरतो तो एक जीव. त्या एका जिवाच्या अंगावर चारही मूव्ह आणि ॲबिलिटी एकाच वेळी आली पाहिजेत. म्हणून कागदावर त्याची वाट लिहून काढा: कुठल्या गेममध्ये पकडला किंवा अंड्यातून काढला, तेव्हा ॲबिलिटी कुठली होती, पुढे कुठल्या गेममध्ये गेला, तिथे काय शिकला.

अलाकझॅमचंच बघू. जेन सेव्हनमध्ये त्याचा एक सेट फार नावाजलेला आहे: मॅजिक गार्ड, हातात फोकस सॅश, आणि मूव्हमध्ये काउंटर. मॅजिक गार्डमुळे स्टेल्थ रॉकचा किंवा वाळूच्या वादळाचा ओरखडा उठत नाही, त्यामुळे सॅश शाबूत राहते. समोरच्याने जोरदार शारीरिक हल्ला केला की हा एक हिटपॉइंट राखून उभा राहतो आणि काउंटरने दुप्पट परत करतो. आता विचारा, हा आणलास कुठनं? काउंटर त्याला जेन सेव्हनमध्ये कुणी शिकवत नाही, अंड्यातूनही येत नाही. तो जेन वनमधल्या १८ नंबरच्या टीएममधला (मूव्ह शिकवणाऱ्या वस्तूमधला) मूव्ह. आणि मॅजिक गार्ड ही हिडन ॲबिलिटी, म्हणजे एरवी सहज न मिळणारी. जेन वनमध्ये तर ॲबिलिटी हा प्रकारच नव्हता. मग दोन्ही एका अंगावर आली कशी?

उत्तर एका अपडेटमध्ये आहे. रेड, ब्लू आणि यलो हे जुने गेम २७ फेब्रुवारी २०१६ ला निन्टेन्डोच्या थ्रीडीएसच्या व्हर्चुअल कन्सोलवर, म्हणजे जुने गेम नव्या यंत्रावर देणाऱ्या सेवेवर, परत आले. जेन सेव्हनचे सन आणि मून आले १८ नोव्हेंबर २०१६ ला. पण या दोन्हींमधला पूल लगेच बांधला गेला नाही. पोकेमॉन बँकेला (एका गेममधून दुसऱ्यात पोकेमॉन नेणाऱ्या सेवेला) जानेवारी २०१७ मध्ये अपडेट मिळालं तेव्हा तो झाला. त्या अपडेटने असं ठरवलं की व्हर्चुअल कन्सोलवरून येणारा पोकेमॉन, त्याच्या जातीला हिडन ॲबिलिटी असेल तर, ती घेऊनच येईल. जुने मूव्ह तसेच राहतील. झालं, जेन वनचा काउंटर आणि मॅजिक गार्ड एकाच अलाकझॅमच्या अंगावर. नोव्हेंबर २०१६ च्या लेखात हा सेट सापडणार नाही, कारण तेव्हा ही वाटच नव्हती.

या पुलाची आणखी एक खोच मला मनापासून आवडते, कदाचित आकड्यांच्या कामामुळे असेल. जेन वनमध्ये नेचर, म्हणजे पोकेमॉनची कुठली ताकद चढी आणि कुठली उतरती हे ठरवणारे स्वभाव, नव्हते. मग येताना पोकेमॉनला नेचर द्यायचं कुठलं? त्याच्या एकूण एक्सपीरियन्स पॉइंटना २५ ने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी ० आली तर हार्डी, ५ आली तर बोल्ड, १० आली तर टिमिड. लेव्हल १०० च्या अलाकझॅमचे पॉइंट होतात १०,५९,८६०. भागून बघा, बाकी १० येते. म्हणजे शंभराव्या लेव्हलला नेलेला प्रत्येक अलाकझॅम आपोआप टिमिड होतो, आणि त्याला हवं असतं ते हेच नेचर. झॅपडॉसचं नशीब तसं नाही. पॉवर प्लांटमध्ये तो लेव्हल ५० ला मिळतो, तेव्हा पॉइंट असतात १,५६,२५०. बाकी शून्य, म्हणजे हार्डी. लेव्हल १०० ला १२,५०,००० होतात, तिथेही शून्य. बोल्ड हवा असेल तर त्याला थोडं लढवायचं, स्टेटसच्या पानावर पॉइंटचा आकडा दिसतो तो बघत राहायचं आणि २५ ने भागून बाकी ५ उरेल तिथे थांबून पाठवायचं.

झॅपडॉस मी मुद्दाम काढला, कारण त्याच्यावर दोन दारं एकापाठोपाठ उघडली. डिसेंबर २०१६ मध्ये सन-मूनमध्ये झॅपडॉस मुळात नव्हताच. तो तिथे पकडता येत नाही आणि बँकेचा रस्ता बंद होता. जानेवारी २०१७ मध्ये दोन प्रकारचे झॅपडॉस एकदम आले. एक जेन सिक्सवरून आलेला, प्रेशर ॲबिलिटीचा, ओरासच्या (ओमेगा रूबी-अल्फा सफायरच्या) मूव्ह ट्यूटरकडून, म्हणजे मूव्ह शिकवणाऱ्याकडून, हीट वेव्ह शिकलेला. दुसरा व्हर्चुअल कन्सोलवरून आलेला, स्टॅटिक ॲबिलिटीचा, त्याला हात लावून मारणाऱ्याला पॅरालिसिस होण्याची शक्यता ३० टक्के. पण या दुसऱ्याला हीट वेव्ह नाही. सन-मूनमध्ये तो मूव्ह शिकवणारा ट्यूटर नव्हता आणि जेन सेव्हनमध्ये आलेला पोकेमॉन मागे जेन सिक्समध्ये जाऊन शिकून येऊ शकत नाही. म्हणून जवळपास वर्षभर एकच घ्यावं लागे: स्टॅटिक किंवा हीट वेव्ह. १७ नोव्हेंबर २०१७ ला अल्ट्रा सन आणि अल्ट्रा मून आले, त्यांत हीट वेव्हचा ट्यूटर परत आला, आणि स्टॅटिकवाल्या झॅपडॉसलाही ती शिकता आली. आजच्या जेन सेव्हन ओयूमध्ये दोन्ही एकत्र चालतात ते यामुळे.

परवा भाच्याने विचारलं, "आत्या, मग मधल्या वर्षातला सेट वाचून टीम केली तर चुकेल काय?" मी म्हटलं, चुकणार नाही रे, पण हातात आहे ते सोडून खेळशील. जुना लेख वाचताना म्हणूनच आधी तारीख बघायची. लेख कितीही चांगल्या खेळाडूचा असो, त्यानंतर उघडलेली दारं त्यात नसतात.

बाकीची दारं

सगळ्यात सोपं दार म्हणजे त्याच जनरेशनची पुढची कार्ट्रिज. डायमंड आणि पर्लमध्ये सायझरला बुलेट पंच नव्हता. जपानमध्ये सप्टेंबर २००८ ला प्लॅटिनम आलं आणि त्याला तो मिळाला. मूव्हची ताकद ४०, पण टेक्निशियन ॲबिलिटी कमी ताकदीच्या मूव्हला दीडपट करते म्हणजे ६०, स्टील प्रकाराचा स्वतःचा दीडपट धरला की ९०, आणि वर हा पहिला मारणार. जेन फोरचा ओयू त्यानंतर सायझरला धरूनच विचार करतो. लोक या फॉरमॅटला सवयीने डीपीपी (डायमंड, पर्ल, प्लॅटिनम) म्हणतात, पण त्यात हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हरपर्यंतचं सगळं येतं. जेन फाइव्हमध्ये हेच काम २०१२ च्या ब्लॅक टू आणि व्हाइट टू यांनी केलं. लँडोरसचं थेरियन रूप तिथलं.

दुसरं दार बाजूच्या गेमचं, आणि हे नव्या मुलांच्या लक्षातच येत नाही. जेन थ्रीमध्ये झॅपडॉसला बॅटन पास मिळतो तो रूबी-सफायरमध्ये नाही, गेमक्यूबवरच्या एक्सडीमध्ये. ॲजिलिटीने वेग वाढवून तो वेग दुसऱ्याच्या हवाली करणारा झॅपडॉस तिथून आला. (बॅटन पासवरचे नियम जेन थ्रीमध्ये वेळोवेळी आवळले गेले आहेत, तेव्हा हा सेट घेताना दुसरा प्रश्नही विचारायचा, बंदीची यादी उघडून.) तसाच पोकेमॉन बॉक्स. रूबी-सफायरचे पोकेमॉन साठवून ठेवायचा हा गेमक्यूबचा प्रोग्राम, पण त्यात १०० पोकेमॉन ठेवले की झिगझॅगूनचं अंडं मिळे, आणि त्या झिगझॅगूनला एक्स्ट्रीम स्पीड येत असे. लिनूनचा बेली ड्रम आणि एक्स्ट्रीम स्पीड जेन थ्रीमध्ये एकत्र दिसतात ते या अंड्यामुळे.

मग खास वाटप. व्होल्कॅनियन जेन सिक्सच्या माहितीत सुरुवातीपासून होता, पण जपानबाहेरच्या देशांत तो ऑक्टोबर २०१६ मध्ये वाटला गेला, सन-मून यायच्या जेमतेम आधी. ओरास ओयूवरच्या २०१५ च्या लिखाणात तो नाही आणि आज तो लीगल आहे. सर्पीरियरची कॉन्ट्ररी ॲबिलिटी जेन फाइव्हमध्ये कधी हाती आलीच नाही, ओरास आल्यानंतर ती वाटली गेली. लीफ स्टॉर्म मारल्यावर एरवी स्पेशल अटॅक उतरतो, कॉन्ट्ररीने तो चढतो. त्या एका वाटपाने जेन सिक्सचा सर्पीरियर वेगळाच प्राणी झाला आणि जेन फाइव्हचा जिथल्या तिथे राहिला.

यातून एक नियम निघतो, तो पाठ करा. एका जनरेशनमध्ये उघडलेलं दार मागच्या जनरेशनला लागू होत नाही. शँडेल्युअरला जेन फाइव्हच्या माहितीत शॅडो टॅग लिहिलेली होती, ड्रीम वर्ल्ड या त्या जनरेशनच्या ऑनलाइन सेवेमधून ती कधीच दिली गेली नाही, ड्रीम वर्ल्ड १४ जानेवारी २०१४ ला बंद झालं, आणि जेन सिक्समध्ये त्या जागी इन्फिल्ट्रेटर आली. शॅडो टॅगचा शँडेल्युअर म्हणून कायमचा इल्लीगल.

याचीच दुसरी बाजू: एकदा उघडलेलं दार नंतर बंद झालं तरी लीगल ते लीगलच राहतं. डीएसची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ ला बंद झाली, थ्रीडीएसच्या ईशॉपमध्ये २७ मार्च २०२३ नंतर काही विकत घेता येत नाही, त्यामुळे आज नव्याने कुणाला व्हर्चुअल कन्सोलवरचं रेड घेता येणार नाही. तरी काउंटरचा अलाकझॅम चालतो. प्रश्न तुम्हाला आज तो मिळेल का हा नाही, त्या जनरेशनमध्ये तो मिळू शकत होता का हा आहे. आमच्या गटात बहुतेकांनी थ्रीडीएस हातात धरलेला नाही, सगळे फोनच्या ब्राउझरवर शोडाउन खेळतात, आणि त्यांचं काही अडत नाही.

जेन एट आता जुनं झालंय, पण त्याचा हिशोब वेगळा आहे, कारण तिथे तिसरी कार्ट्रिज न येता त्याच गेमला अपडेट आलं. स्वॉर्ड आणि शील्ड १५ नोव्हेंबर २०१९ ला आले तेव्हा गॅलरच्या यादीत ४०० पोकेमॉन होते. जून २०२० चं आयल ऑफ आर्मर आणि ऑक्टोबर २०२० चं क्राउन टुंड्रा यांनी दोनशेच्या वर परत आणले, आणि ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांनाही फुकटच्या अपडेटने ते आपल्या गेममध्ये घेता आले. क्राउन टुंड्रामध्ये ॲबिलिटी पॅच नावाची वस्तू आली. ती साध्या ॲबिलिटीचं हिडन ॲबिलिटीत रूपांतर करते. वर झॅपडॉससाठी लावला तसला 'ही ॲबिलिटी असेल तर तो मूव्ह नाही' हा हिशोब जेन एटमध्ये या एका वस्तूने बराचसा सुटला. तोच हिशोब जेन सेव्हनला मात्र जसाच्या तसा लागू आहे, पॅच मागे जात नाही. आणि जेन नाइनच्या स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये तर होमवरून (पोकेमॉन साठवून गेममधून गेममध्ये नेणाऱ्या सेवेवरून) आलेला पोकेमॉन जुने मूव्ह सोबत आणतच नाही, प्रत्येक गेम त्याचे मूव्ह वेगळे धरतो. तिथे वाट लिहायची गरज फारच कमी पडते.

तपासायचं कुठे

टीम बिल्डरमधलं 'व्हॅलिडेट' बटण हे पहिलं. त्याने नाही म्हटलं तर नुसता मूव्ह बदलून पुढे जाऊ नका, चौकटीतली ओळ वाचा. ती बहुतेक वेळा कारण सांगते: मूव्ह कुठल्या जनरेशनचा, ॲबिलिटी का बसत नाही. फक्त मूव्हबद्दल शंका असेल तर शोडाउनच्या चॅटमध्ये तिरकी रेघ आणि जोडून 'लर्न' असं इंग्रजीत टाइप करा, मग जनरेशन, स्वल्पविराम, पोकेमॉनचं नाव, स्वल्पविराम, मूव्ह. शिकतो की नाही आणि कुठून शिकतो ते लगेच येतं. एकापुढे एक दोन-तीन मूव्हही देता येतात, आणि अंड्यातून येणारे मूव्ह एकमेकांशी जुळतात का हे बघायला हेच उत्तम. ॲबिलिटीसकट पूर्ण तपासणी हवी तर परत व्हॅलिडेटकडे. वाटपाच्या तारखा आणि कुठल्या कार्ट्रिजमध्ये कोण काय शिकतं हे बल्बापीडिया या पोकेमॉनच्या ऑनलाइन कोशात जनरेशनवार दिलेलं आहे. मी तिथे मूव्हच्या पानापेक्षा पोकेमॉनचं जनरेशननिहाय पान उघडते, कारण तिथे कार्ट्रिजचे रकाने शेजारी-शेजारी दिसतात आणि प्लॅटिनमने काय वाढवलं ते एका नजरेत कळतं.

जेन वन खेळणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. जेन टूमध्ये मूव्ह शिकवून पोकेमॉन टाइम कॅप्सूलने परत जेन वनमध्ये आणता येतो, कार्ट्रिजवर हे खरंच होतं. पण जेन वनचा नेहमीचा ओयू ते धरत नाही. त्यासाठी ट्रेडबॅकचा वेगळा फॉरमॅट आहे.

घरची स्पर्धा ठेवणार असाल तर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जुन्या जनरेशनची छोटी स्पर्धा ठेवतो, आणि भांडणं होतात ती नेहमी नियम तोंडी ठेवल्यामुळे. नियमात तीन गोष्टी लिहा: जनरेशन, त्या जनरेशनची शेवटची स्थिती की मधली एखादी तारीख, आणि बंदीची यादी कुठल्या दिवशीची धरायची. उदाहरणार्थ, 'जेन सेव्हन ओयू, अल्ट्रा सन-अल्ट्रा मूनची शेवटची स्थिती, बंदी पहिल्या सामन्याच्या आठवडाभर आधी शोडाउनवर होती ती'. एवढं पुरतं.

मधली तारीख घेऊन खेळायला फार मजा येते, पण शोडाउन तारखेप्रमाणे तपासत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं. समजा तुम्ही मे २०१७ धरलंत. मग स्टॅटिकचा झॅपडॉस हीट वेव्ह घेऊन येता कामा नये, अल्ट्रा सन-मूनमध्ये नव्याने शिकता येणारं काही नको, आणि गोल्ड-सिल्व्हर तर व्हर्चुअल कन्सोलवर सप्टेंबर २०१७ मध्ये आले, म्हणून त्यांच्यावरून आलेलंही नको. आव्हान पाठवताना फॉरमॅटच्या नावाला जोडून तीन ॲटची चिन्हं आणि पुढे वजाचं चिन्ह लावून पोकेमॉनचं किंवा मूव्हचं नाव दिलं की तेवढ्या सामन्यापुरती बंदी लागते. एखादी गोष्ट सरसकट नको असेल तिथे हे वापरा. झॅपडॉससारख्या जोड्या मात्र सामन्याआधी दोघांच्या टीम उघडून डोळ्यांनीच बघाव्या लागतात. आदल्या रात्री प्रत्येकाने टीम एक्स्पोर्ट करून ग्रुपवर पाठवायची आणि शंका असलेल्या पोकेमॉनखाली त्याची वाट एका ओळीत लिहायची: 'यलो, व्हर्चुअल कन्सोल, बँक जानेवारी २०१७, मून'. ज्याला ही ओळ लिहिता येत नाही त्याने तो पोकेमॉन बदलायचा.